पट्टीत घट्ट बसलेला कपॅसिटर

खंडेनवमीच्या सकाळी निशाने दुकान उघडलं ते एका रेडिओपायी. महाडच्या बाजारपेठेत, धोंडूच्या पिठाच्या गिरणीला लागून तिचं हे एवढंसं दुकान. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मीटर आणि गेज दुरुस्त करण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. मग ती नोकरी सोडून तिने गेल्या वर्षी हे दुकान टाकलं. मोबाईल दुरुस्त करणारे पायलीचे पन्नास. ही करायची ते जुनंपानं. लाकडी पेटीचे रेडिओ, टेप आणि अधूनमधून त्या जुन्या काळचा टेबलावरचा कॅल्क्युलेटर, विटेएवढा जाड, घरच्या विजेवर चालणारा, हिरव्या आकड्यांचा. "असली मढी उकरायला कोण येणार तुझ्याकडे?" असं तिच्या नवऱ्याने, राजेंद्रने, सुरुवातीला विचारलं होतं. पण लोक येत होते, पुण्यामुंबईचे हौशी तर कुरिअरने पाठवत होते, आणि निशाचं नाव होत होतं. या नावाचं तिला फार होतं. "निशाताईंच्या हातचं काम" असं कुणी म्हटलं, की त्या दिवशी तिला जेवण नसलं तरी चालायचं.

रेडिओत घालायला तिने खणातून एक जाड कपॅसिटर काढला. कपॅसिटर म्हणजे वीज घटकाभर साठवून पुढे सारखी करून देणारं एक बारकं डबडं. जुन्या यंत्रांत सगळ्यांत आधी दगा देतं ते हेच, आणि ते बदललं की निम्मी मढी उठून बसतात. तो कपॅसिटर तिच्या बोटांतून निसटला, फरशीवर आपटला आणि खुळखुळला.

कपॅसिटर खुळखुळत नसतो. आत कागद आणि पत्रा यांची गच्च गुंडाळी असते, तिथे खुळखुळायला जागाच नाही. निशाने तो कानाशी धरून पुन्हा हलवला. मग पात्याने वरचं प्लॅस्टिक चिरलं, बुडाचं रबर उपटलं आणि आतून बोळा करून कोंबलेल्या कागदासकट एक छोटासा कपॅसिटर तिच्या तळहातावर पडला. मोठ्या डब्यावर छापलं होतं त्रेसष्ट व्होल्ट. आतल्या पिल्लावर होतं पंचवीस.

निशा ताडकन उभी राहिली. कारण याचा जोडीदार काल संध्याकाळी पोलादपूरला गेला होता.

तो गेला होता कुशाबांच्या कॅल्क्युलेटरच्या पोटात. कुशाबा पोलादपूरच्या पुढे, घाटाच्या वाटेवरच्या एका वाडीतले. घरची शेती होतीच, पण हयात गेली ती एका पतपेढीत कारकुनी करण्यात. पतपेढी बंद पडली तेव्हा तिथला हा कॅल्क्युलेटर त्यांनी घरी आणला आणि देवासारखा जपला. बायकोला, प्रयागबाईंना, त्यांनी जन्मात त्याला हात लावू दिला नव्हता. का, तर बिघडंल. शेवटी तो आपणहून बिघडला आणि वर्षानुवर्षं कपाटात पडून राहिला.

काल दोघंही दुकानात आले होते. प्रयागबाईंचा एक डोळा लहानपणीच देवीत गेलेला, दुसऱ्यावर मोतीबिंदू. महिन्यापूर्वी महाडलाच ऑपरेशन झालं आणि ती बाई पुन्हा जग बघायला लागली. निशाने कॅल्क्युलेटर लावला, हिरवे आकडे उजळले, तशा प्रयागबाई नाक टेकेल इतक्या खाली वाकल्या. "हिरवं दिसतंय गो! पानासारखं हिरवंगार!" असं म्हणून पोरीबाळींसारख्या हसल्या. दोन-चार मिनिटं झाली असतील नसतील तोच वीज गेली. दुरुस्त केलेलं यंत्र तासभर चालवून बघितल्याशिवाय द्यायचं नाही, हा निशाचा स्वतःचा नियम. पण कुशाबांना शेवटची एसटी गाठायची होती, सण तोंडावर होता. चालतंय की, न्या, असं ती म्हणाली.

नियम मोडला तो मोडलाच, पण खरी चूक त्याच्याही आधीची होती. कपॅसिटर बदलताना बघायचं काय ते निशा झोपेतही सांगेल: साठवण जुन्याइतकी, आणि सोसायचे व्होल्ट जुन्याइतके किंवा जास्त, कमी कधीच नाही. तिच्यासमोर दोन होते. एक खात्रीच्या कंपनीचा, पण करंगळीएवढा; आजकालचे असतातच बारीक. दुसरा मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून पहिल्यांदाच मागवलेला, जुन्याइतकाच जाड. यंत्रात जुना कपॅसिटर धरून ठेवायला पत्र्याची एक वाकडी पट्टी होती. करंगळीएवढा त्या पट्टीत लळतलोंबत राहिला. जाड मात्र असा घट्ट बसला, की झाकण उघडून बघणाऱ्याला वाटावं, इथे कुणाचा हातच लागलेला नाही. निशाला तेच हवं होतं. हाताला तो जरा हलका लागला होता. तिने मीटर लावून बघितला, साठवण बरोबर भरली, आणि तिने मनाची समजूत घातली. मीटर किती साठवतो ते सांगतो, किती सोसतो ते सांगत नाही, हे तिला ठाऊक नव्हतं थोडंच! पट्टीत शोभतो म्हणून घातला, दुसरं काही नाही.

त्या यंत्रात तिथे पन्नासाच्या आसपास व्होल्ट येत होते. पंचविसाच्या जिवावर पन्नास. तो लगेच मरणार नाही. आधी गरम होईल, मग फुगेल, मग आतल्या ओलीची वाफ होईल. चांगल्या कपॅसिटरच्या डोक्यावर फुलीसारखी चीर असते, जीव नकोसा झाला की ती उकलते आणि वाफ निघून जाते. निशाने रिकामा डबा उलटसुलट करून बघितला. डोकं गुळगुळीत होतं, चीर नव्हतीच. आतलं पिल्लू उकललं तरी वाफ या बंद डब्यात कोंडणार. आणि वर झाकण कसलं, तर जुनं वाळकं प्लॅस्टिक, त्यात आकड्यांची काच.

कारखान्यात असताना असाच एक फुटला होता तिच्या तोंडावर. पत्रा भुवईत घुसला होता, टाके पडले होते. बोटभर खाली लागला असता तर डोळा गेला असता, असं डॉक्टर तेव्हा सहज म्हणाले होते.

तिने फोन लावला. कुशाबांनीच उचलला. मागे भांड्यांचा आणि माणसांचा गलका होता.

"काका, निशा बोलतेय, महाडहून."

"बोल गो बाय! आताच तुझं नाव काढलं. पाव्हणे आलेत, सगळ्यांना सांगतंय, महाडच्या निशाताईनी मढ्यात जीव घातला."

काका, मी त्यात खोटा माल घातलाय, ते फुटेल. एवढंच वाक्य. जिभेवर आलंही होतं. पण त्या गलक्यातून कुणीतरी "काय वो, आमचा टेप करतील काय त्या?" असं विचारलेलं तिला ऐकू आलं आणि तिने ते वाक्य फिरवलं.

"काका, एक स्क्रू राहिलाय माझ्याकडे," ती म्हणाली. "आज ते लावू नका. मी येते परवा, बसवून देते."

"अगो, स्क्रूचं काय येवढं!"

"तरी नकाच लावू. पूजेला नुसतं ठेवा."

"बरं," कुशाबा म्हणाले आणि फोन ठेवला.

कुशाबांचं 'बरं' म्हणजे हो नव्हे आणि नाही नव्हे. 'ऐकलं' एवढाच त्याचा अर्थ. पण माणूस घाबरला की त्याला हवं तेच ऐकू येतं. निशाने स्वतःला बजावलं, झालं, सांगितलं आपण. पाणी प्यायली. रेडिओ पुढे ओढला.

तेवढ्यात शेजारची गिरण धडधडायला लागली. आज दळण कुणाचं, म्हणून तिने डोकावून बघितलं. धोंडूने गिरणीला झेंडूची माळ घातली होती आणि रिकामीच चालवून समोर हात जोडून उभा होता.

"धोंडूभाऊ, रिकामीच चालवताय?"

"मग? आज मशीन फिरवल्याबिगर पूजा पुरी व्हते काय?"

"गिरणीचंच असतं ना असं?"

"ज्याच्या घरात जे मशीन हाय त्याचं," धोंडू म्हणाला. "आमच्या भावाकडं पंप, ट्रॅक्टर, मिक्सर, समदं चालू करतात. हळदकुंकू लावायचं, नि आरती होईस्तोवर बंद नाय करायचं."

निशाच्या माहेरी नाही आणि सासरीही नाही, खंडेनवमी कुठेच नव्हती. त्यांचा मोठा दिवस दुसऱ्या दिवशीचा, धम्मचक्र प्रवर्तनाचा. घरी कालपासून पांढऱ्या साड्यांना इस्त्री चालली होती. पूजा म्हणजे यंत्र पुसायचं, फूल वाहायचं, एवढंच तिने धरलं होतं. आणि कुशाबांना सांगितलं काय, तर स्क्रू राहिलाय. एका स्क्रूसाठी कुठला माणूस वर्षाची पूजा अर्धी ठेवील?

तिने पुन्हा फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा तर फोनमधली ती बाई सांगू लागली, संपर्क होऊ शकत नाही. निशाने पक्कड आणि स्क्रूड्रायव्हर पिशवीत टाकले, शटर ओढलं न ओढलं केलं आणि स्कूटर काढली.

महाड ते पोलादपूर रस्ता आता चांगला रुंद झालाय, पण त्या दिवशी तो संपता संपेना. तिच्या डोळ्यांसमोर सारखं एकच येत होतं, प्रयागबाईंचं खाली वाकलेलं तोंड. एका बाजूने टँकर घासून गेला तरी तिला त्याचं काही वाटलं नाही. मधेच एकदा तिच्या मनात आलं, आता पोचून तरी काय उपयोग, व्हायचं ते झालं असेल. आणि लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे, गाडी वळवावी असंही वाटून गेलं. उद्या कानावर येईलच. कोणी विचारलं तर म्हणू, मी लावू नका म्हटलं होतं. मी तर म्हटलंच होतं! हा बचाव मनात इतका सहज तयार झाला, की तिला स्वतःचीच भीती वाटली.

पोलादपूरच्या स्टँडपाशी थांबून तिने परत फोन लावून बघितला. कोणी उचलला नाही. पुढे वाडीच्या अरुंद रस्त्यात एक टेम्पो आडवा लावलेला, त्याला हार, समोर नारळ फोडायची तयारी आणि इंजिन चालू. "दादा, गाडी घ्या बाजूला!" ती ओरडली. पूजा चालू हाय ताई, दोन मिनिटं, असं कुणी म्हणालं. तिने स्कूटर तिथेच टाकली आणि बांधावरून पळत सुटली. एका हाताने ओढणी, एका हाताने पिशवी.

कुशाबांचं घर लांबूनच ऐकू येत होतं. विहिरीवरचा पंप चालू, अंगणात मोटारसायकल चालू, आत मिक्सर चालू. या सगळ्या आवाजात फोन कुणाला ऐकू येणार? ओटीवर चढताच तिला वास आला. उदबत्तीच्या खालून येणारा, सडक्या मासळीसारखा, गरम. हा वास ती हजारांत ओळखेल.

आत पाटावर तांबडं कापड, त्यावर कॅल्क्युलेटर, झेंडूत बुडालेला, आणि त्या फुलांतून हिरवे आकडे लुकलुकत होते. मागे पाव्हणे आणि कुशाबांचा मुलगा विनीत आरतीचं ताट घेऊन उभा. "आज तूच लाव कुंकू," कुशाबा बायकोला म्हणत होते. आयुष्यात पहिल्यांदा म्हणत होते. आणि प्रयागबाई बोटाला कुंकू घेऊन, आकडे नीट दिसावेत म्हणून ऑपरेशननंतरचा काळा गॉगल काढून, त्या यंत्रावर वाकल्या होत्या. मधे वीतभर अंतर नव्हतं.

"काकी, मागे व्हा!" निशा ओरडली. मिक्सरच्या आवाजात ते विरून गेलं.

बटणाचा बोर्ड यंत्राच्या मागे होता, भिंतीत खालच्या अंगाला. प्लग काढायचा तर यंत्रावरूनच वाकून जावं लागणार, स्वतःचं तोंड नेमकं त्याच्यावर आणून. निशाचे पाय दारात रुतले. पाय रुतले हे बोलायला बरं वाटतं. खरं म्हणजे ती एक पाऊल मागे सरली. भुवईवरचा तो जुना टाका ठणकायला लागला. पळून जावं असं तिला वाटलं, अगदी स्पष्ट वाटलं.

मग प्रयागबाई आणखी थोड्या वाकल्या.

निशा चपलांसकट आत घुसली. तिने प्रयागबाईंना खांद्याला धरून मागे खेचलं, म्हातारी मटकन बसली, हळदकुंकवाचं ताट उपडं झालं. निशाने एक हात स्वतःच्या डोळ्यांवर आडवा धरला, दुसऱ्याने चाचपत वायर पकडली आणि जोरात ओढली. आकडे विझले. ती तशीच, डोळे झाकून, मागे मागे सरकत भिंतीला टेकली. कुणीतरी मिक्सर बंद केला.

"येड लागलं काय गो तुला?" कुशाबा कडाडले. "पूजेत चपला घालून! बाईला ढकलतेस?"

पाव्हणे एकमेकांकडे बघत होते. खाली बसलेल्या प्रयागबाईच मग कंबर चोळत म्हणाल्या, "राहू द्या वो. स्क्रू राहिला म्हणालीवती ना सकाळी? त्यापायी आली पोर धावत. आपण ऐकलं नाय, चूक आपली."

झालं. वाट मोकळी झाली होती. नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं. एक स्क्रू बसवल्यासारखं करायचं, गुपचूप कपॅसिटर काढून न्यायचा, वर चहा प्यायचा. निशाताई कामाला किती पक्क्या ते पंचक्रोशीत झालं असतं. सगळे तिच्याकडे बघत होते, आणि विश्वास ठेवायला तयार होते. प्रयागबाईही बघत होत्या, तो एक डोळा नीट रोखून. तो शाबूत होता. त्याच्याकडे बघून खोटं बोलणं निशाला जमेना.

"स्क्रू नव्हता, काकी," ती म्हणाली. "सगळे आधी बाहेर व्हा."

सगळे बाहेर गेले. यंत्र निवेपर्यंत ती थांबली, मग तोंड फिरवून, हात लांब करून तिने झाकण उघडलं. उरलीसुरली वीज उतरवून कपॅसिटर काढला. त्याचं बूड रबरासकट बाहेर आलं होतं, अंग फुगून पट्टी वाकली होती, आणि तो अजून हाताला चटका देत होता. ओटीवर येऊन तिने तो कुशाबांच्या पुढ्यात धरला आणि सगळं सांगितलं. खोटा माल, पट्टीत शोभला म्हणून घातलेला, चालवून न बघता दिलेला. तिने काही गाळलं नाही.

कुशाबांनी वाकून ते फुगलेलं डबडं बघितलं.

"मग फोनवर का नाय सांगितलंस?"

"भ्याले, काका. पाव्हण्यांसमोर तुम्ही माझं नाव घेत होतात."

कुशाबा उठले, अंगणातली मोटारसायकल बंद केली, मग विहिरीकडे गेले आणि पंप बंद केला. विनीत पाव्हण्यांना घेऊन मागल्या दारी गेला. एकदम शांत झालं.

प्रयागबाई पायरीवर बसल्या होत्या. त्यांनी गॉगल अजून घातला नव्हता.

"फुटलं असतं तं काय झालं असतं गो?" त्यांनी विचारलं. अजूनही त्या काळजीने विचारत होत्या, जणू निशाचंच काही नुकसान झालं असतं.

"डोळा गेला असता, काकी."

प्रयागबाईंचा हात वर गेला आणि डोळ्यापर्यंत पोचायच्या आतच थांबला. आधी त्यांची बोटं थरथरली, मग हात, मग सगळं अंगच कापायला लागलं. सकाळपासून निशाच्या पोटात होती ती भीती आता त्यांच्याकडे गेली होती, आणि निशाकडची कमीही झाली नव्हती. निशा त्यांच्याशेजारी बसली. त्यांचे हात तिने आपल्या हातांत धरले, तरी कुणाचेच थांबेनात.

"मला माफ करा," ती म्हणाली.

प्रयागबाईंनी हात सोडवून घेतले नाहीत. त्या भाताच्या खाचरांकडे बघत होत्या.

"मला सांगायला होवं होतंस गो बाय," त्या शेवटी म्हणाल्या. "सांगितलं असतंस तं मी वाकले नसते."